भोगवर्धन आणि जुने मद्य

जालना जिल्ह्यातील केळणाकाठचे भोकरदन म्हणजे सांची व भारहुत येथील दानलेखांतून आढळणारे प्राचीन भोगवर्धन होय. १९७३ साली नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनी येथे उत्खनन केले. त्यात मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे पाँपेई येथे १९३८ साली सापडलेल्या मूर्तीशी असलेले साम्य अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. इ. स. ७९ मध्ये पाँपेई राखेखाली गाडले गेले. तत्पूर्वी दख्खनी कलेचा हा मार्ग खुला होता, एवढे त्यावरून निश्चित होते. मात्र हस्तिदंताच्या मोबदल्यात इकडे काय येत होते, हा प्रश्न तितक्याच आस्थेने विचारावयास हवा.

इ. स. च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भरुकच्छ बंदरातील आयातीची यादी मद्यापासून सुरू होते. प्राधान्य इटलीच्या मद्याला. त्यानंतर लाओदिकेचे व अरबस्तानातील. राजासाठी वेगळे, उंची मद्य आणीत. त्याच ग्रंथाप्रमाणे भरुकच्छापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, व पैठणच्या पूर्वेस तगर, म्हणजे आजचे तेर, दहा दिवसांच्या वाटेवर होते. भोगवर्धन याच व्यापारी प्रदेशातील नगर.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, व्यापारी मद्य निवडतो तो गावाच्या नावावरून. भारतीय परंपरेतही हेच दिसते. कौटिलीय अर्थशास्त्राने द्राक्षरसाच्या मद्यास ‘मधु’ म्हटले असून त्याची ‘कापिशायन’ व ‘हारहूरक’ ही नावे त्या त्या देशांवरून पडली, असे सांगितले आहे. ‘कापिशायन’ या रूपासाठी तर पाणिनीने स्वतंत्र सूत्रच रचले. त्याच अर्थशास्त्रातील पानागाराला अनेक दालने असावीत, त्यांत वेगवेगळ्या शय्या व आसने, गंध, माला व पाणी असावे, आणि ते प्रत्येक ऋतूत सुखकर असावे. असे पानागार सर्व नगरांत खरोखरच होते असे मानण्याचे कारण नाही. शास्त्रकार आदर्श सांगतो, हिशेब देत नाही.

वयाची निवड ही निराळी बाब. रोमन लोक वर्ष ओळखीत ते त्या वर्षीच्या कॉन्सलच्या नावाने. इ. स. पू. १२१ मध्ये, ओपिमियस कॉन्सल असताना झालेले मद्य पुढे कित्येक पिढ्या नावाजले गेले. पेट्रोनियसच्या कादंबरीतील एक नवश्रीमंत यजमान पाहुण्यांपुढे ‘शंभर वर्षांचे ओपिमियन’ अशी चिठ्ठी लावलेल्या बरण्या ठेवतो. कॉन्सलचे नाव लिहिल्यावर वर्षांचा आकडा निरर्थक ठरतो, आणि तोही येथे चुकलेला! प्लिनीने मात्र हे मद्य प्रत्यक्ष कसे झाले होते ते नोंदविले आहे : घट्ट, उग्र मधासारखे, पाणी घातल्यावाचून पिता न येणारे, म्हणून इतर मद्यांत थोडेसे मिसळून वापरण्यापुरते.

चरकसंहितेत वयाचा विचार आहे, पण तो वैद्याचा आहे. नवे मद्य जड व दोष वाढविणारे. जीर्ण मद्य हलके, अग्निदीपक व स्रोतसे शुद्ध करणारे. अमुक वर्षाचे, अमुक राजाच्या काळचे, अशी गणना येथे नाही. चरकाचा ‘जीर्ण’ आणि मराठीचा ‘जुना’ मुळात एकाच धातूचे : जूर्ण, जुण्ण, जुना असा त्याचा क्रम लागतो. ‘मधु’ची वाट मात्र वेगळी झाली. मराठीत ‘मध’ म्हणजे मधमाशांचा, एवढाच अर्थ उरला, आणि मद्यासाठी रूढ झालेला ‘दारू’ हा शब्द फारसीतून आला. तेथे त्याचा एक अर्थ ‘औषध’ असाच आहे.

शब्दांचा पुरावा मिळाला तरी खापरांचा पुरावा जपूनच वापरावा लागतो. नेवासे व तेर येथे ॲम्फोरांचे तुकडे मिळाले, तेव्हा रोमन मद्याचा प्रसार सिद्ध झाला असे वाटले. पुढे रॉबर्टा टॉम्बर यांनी भारतातील अशा खापरांची फेरतपासणी केली, तेव्हा त्यांतील पुष्कळसे मेसोपोटेमियातील, बुडाशी निमुळत्या होणाऱ्या ‘टॉर्पेडो’ रांजणांचे ठरले. भूमध्यसागरी मद्यकुंभाला आतून राळेचे अस्तर असे, मेसोपोटेमियन रांजणाला डांबराचे. म्हणून मराठवाड्यातील कोणत्याही खापरावरून मद्याविषयी अनुमान काढण्यापूर्वी त्याची माती आणि आतील काळा थर, ही दोन्ही पाहणे अवश्य आहे.