मुलकी आणि गैरमुलकी : निजामाच्या राज्यातील परक्या विद्वानांचा परवाना (थ्रेड)

उच्चशिक्षित परक्याला नोकरीसाठी आपल्या देशात घ्यावे, पण कोणत्या अटींवर, हा प्रश्न व्हिसा आणि ब्लू कार्डाच्या काळात जन्मलेला नाही. आज नांदेड जिल्ह्यात असलेले लोहा जेव्हा हैदराबाद संस्थानात होते, तेव्हा तेथील सरकारी नोकरीची सारी भाषाच या प्रश्नाभोवती फिरत असे. मुलकी कोण आणि गैरमुलकी कोण? (मराठीतील ‘मुलकी पाटील’ महसुली अर्थाचा. येथे मुलकी म्हणजे या मुलखाचा, भूमिपुत्र.)

आरंभ पहिल्या सालारजंगांपासून. १८५३ ते १८८३ अशी तीस वर्षे ते दिवाण होते. खिळखिळा कारभार नव्याने उभारण्यासाठी त्यांनी बाहेरून माणसे आणली. सय्यद हुसेन बिलग्रामी लखनौहून आले. मोहसिन-उल-मुल्क आणि विकार-उल-मुल्क हे अलीगढ चळवळीशी जोडलेले उत्तर हिंदुस्थानी. एडिंबरोची डॉक्टरेट मिळवलेले बंगाली रसायनशास्त्रज्ञ अघोरनाथ चट्टोपाध्याय (सरोजिनी नायडूंचे वडील) यांनी हैदराबादेत महाविद्यालयीन शिक्षणाचा पाया घातला.

परक्याचे स्थान किती डळमळीत असते, हेही अघोरनाथांच्याच बाबतीत दिसले. १८८३ मध्ये चांदा रेल्वेच्या योजनेविरुद्ध त्यांनी आवाज उठवला आणि त्यांना राज्याबाहेर काढण्यात आले. पुढे ते परतले. पण विद्वत्ता हवी, मत नको, हा दरबाराचा हिशेब स्पष्ट झाला होता.

दुसरीकडे स्थानिकांची कुरकुर वाढत होती. मोठी पदे, मोठे पगार बाहेरच्यांना, आणि त्यांच्यामागून त्यांचे आप्त. १८८० च्या दशकात राजभाषा फारसीऐवजी उर्दू झाली, त्याचाही लाभ उत्तरेकडून आलेल्यांना झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याविषयी आदेश निघू लागले. त्यांना नेमके रूप आले ते १९१९ च्या नियमांनी.

मुलकी ठरण्याचा एक मार्ग जन्माचा होता. बाहेरून आलेल्यासाठी मात्र किमान १५ वर्षांचे कायम वास्तव्य, मूळ गावी परतण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र आणि त्यावर मॅजिस्ट्रेटची साक्ष लागे. गैरमुलकीला नोकरी देण्यास बंदी नव्हती. त्यासाठी खुद्द निजामाची खास मंजुरी लागे. हीच ती खिडकी. मुंबईचे अकबर हैदरी नियमांच्या आधीच, १९०५ मध्ये आले आणि १९३७ मध्ये कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष झाले. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर बोलावलेले विश्वेश्वरय्या म्हैसूरचे, आणि त्यांची बरीच नोकरी मुंबई इलाख्यात झालेली. हैदराबादचे पूरसंरक्षण त्यांच्या आराखड्यावर उभे राहिले. तेव्हा ‘परके नकोत’ ही घोषणा जितकी सोपी, तितकी खरी नव्हती.

आता कंधार-लोह्याकडचा एखादा हुशार मराठी मुलगा कल्पनेत आणावा. तो जन्माने मुलकी. नियम त्याच्या बाजूचा. पण वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू, कचेरीची भाषा उर्दू, आणि उस्मानिया विद्यापीठही उर्दूचे. संस्थानात मराठी बोलणारे सुमारे पाव लोकसंख्येइतके, तरी दरबारातील त्यांची संख्या तुरळक. नियमाने वास्तव्य मोजले, भाषा मोजलीच नाही. मुलकी-गैरमुलकी हा वाद मुख्यतः राजधानीतील सुशिक्षितांचा राहिला तो यामुळे.

सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर शेजारच्या प्रांतांतून नवे अधिकारी आले आणि जुना वाद पुन्हा पेटला. खोटी मुलकी प्रमाणपत्रे मिळवल्याचे आरोप झाले. सप्टेंबर १९५२ मध्ये हैदराबादच्या सिटी कॉलेजजवळ आंदोलकांवर गोळीबार झाला, त्यात माणसे मेली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९५७ च्या कायद्याने संसदेने सरकारी नोकरीतील वास्तव्याच्या अटी काढून टाकल्या. तेलंगणाला अपवाद मिळाला, मराठवाड्याला नाही. तेलंगणात हाच प्रश्न १९६९ च्या आंदोलनापर्यंत आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला; मुलकी नियम अखेर १९७३ मध्ये रद्द झाले. मराठवाड्याच्या हाती उरला १९५३ चा नागपूर करार. त्यात सरकारी नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे आश्वासन होते. त्या वाट्याचा हिशेब मराठवाडा आजही मागतो आहे.