पंधरा गुणिले पंधरा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा एप्रिल. पुण्याहून निघालेल्या जी. आय. पी. रेल्वेच्या गाडीत तुम्हाला खिडकीशी जागा मिळाली आहे. तळेगाव, वडगाव मागे पडलं. डावीकडे लोहगड-विसापूर, उजवीकडे कार्ल्याचा डोंगर. मावळातली भातखाचरं कोरडी ठाक पडली आहेत आणि त्यांच्या कोपऱ्यांतून धूर निघतो आहे. राब भाजायचे दिवस आहेत. शेण, पालापाचोळा, वाळकं गवत आणि वर मातीचा पातळ थर देऊन पेटवून द्यायचं. पहिल्या पावसाला त्याच भाजलेल्या जमिनीत भाताचं बी पडतं आणि रोप जोमानं येतं. तो वास तुमच्या कपड्यांत बसलाय. लोणावळ्याला उतरलात, तेव्हा त्यात इंजिनांच्या कोळशाचा वास मिसळतो.

इथल्या झाडीत ख्रिस्ती मंडळींचा उन्हाळी मेळा भरला आहे. भजनं, प्रार्थना, प्रवचनं. गोऱ्या पाहुण्यांच्या गर्दीत पंधरा मराठी मुली घेऊन आलेली एक बाई तुम्हाला लगेच ओळखू येते. पांढरं सुती लुगडं, कातरलेले केस, चाळिशीकडे झुकलेलं वय. पंडिता रमाबाई. प्रवचन चाललं असताना त्या मान किंचित कलती करून बसतात, कारण त्यांना कमी ऐकू येतं. इंग्लंडात डॉक्टरकी शिकायचं ठरवून गेलेल्या या बाईंना त्या एका व्यंगानं ती वाट सोडावी लागली होती.

दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच उठा. बाई एकट्याच झाडीकडे निघाल्या आहेत. थोडं अंतर ठेवून मागे चला. करवंदीच्या जाळीत पाय अडकेल, सांभाळा. पुण्याच्या अंगाला आभाळ तांबूस होतं, मग सूर्य वर येतो आणि बाई तिथेच थांबतात. त्यांनी त्या सकाळी देवापाशी काय मागितलं, ते पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे. मागणं चक्क गणिताचं होतं. माझ्यासोबत या पंधरा लेकी आहेत, पुढच्या मेळ्यापर्यंत या संख्येचा वर्ग होऊ दे. पंधरा गुणिले पंधरा, दोनशे पंचवीस.

त्या वेळी बाईंनी मुलींच्या शिक्षणासाठी काढलेल्या पुण्याच्या शारदा सदनात सगळ्या मिळून शंभर मुलीही नाहीत. ज्या आहेत, त्या कशा टिकल्या हे तुम्हाला ठाऊक असायला हवं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्यात आलं. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई; त्याच पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या आणि हिंदूच राहिल्या. पण १८९३ मध्ये मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यात वादळ उठलं. सुधारक रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पंचवीसएक मुली पालकांनी काढून नेल्या.

म्हणून त्या सकाळच्या मागण्याचा अर्थ मऊ करून सांगायची माझी इच्छा नाही. बाईंनी मागितल्या त्या ख्रिस्ती लेकी. पुण्याला ज्याची भीती वाटत होती, तेच. ते मान्य करूनच पुढे चला, कारण पुढे जे झालं, त्यात बाईंचा धर्म आणि त्यांनी वाढलेली भाकरी यांच्यात रेघ ओढणं मला तरी कधी जमलेलं नाही.

आता १८९६ सरून १८९७ उजाडलं आहे आणि तुम्ही बाईंच्या मागोमाग मध्य प्रांतात आहात. पाऊस दगा देऊन गेला. सरकारी गरीबखान्यांत हाडांची मोळी झालेली पोरं आहेत. आजूबाजूला मुली हेरत फिरणारे पुरुषही आहेत, आणि बाईंना ते दिसतात. त्या स्वतः दुष्काळाच्या लेक आहेत. वडील अनंतशास्त्री, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण त्यांनी उपासमारीत गमावली होती. भाऊ श्रीनिवासाबरोबर त्या अनवाणी, उपाशी देशभर हिंडल्या होत्या. समोरच्या पोरीच्या डोळ्यांत काय आहे, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको. त्या सुमारे तीनशे मुली घेऊन परततात. लोणावळ्याला मागितलेल्या आकड्याहून जास्त.

याच दुष्काळाची बातमी अमेरिकेतल्या मेनोनाइट लोकांपर्यंतही गेली. शस्त्र न उचलणारी, शेतीत रमणारी ही ख्रिस्ती मंडळी. त्यांनी मदत पाठवली आणि १८९९ मध्ये मध्य प्रांतातल्या धमतरीला त्यांचं मिशन सुरू झालं. अनाथ मुलं, शाळा, दवाखाना. धमतरीत समुद्रापलीकडच्या बाया येऊन शिकवू लागल्या. केडगावात मात्र या मातीतलीच एक बाई उभी होती, आणि तिच्यापाशी आलेल्या पोरींना तिची भाषा परकी नव्हती, तिची भूकही नव्हती.

हो, केडगाव. पुण्यात प्लेग आला, इतक्या मुली शहरात ठेवणं अशक्य झालं. दौंडच्या वाटेवर बाईंनी आधीच जमीन घेतली होती, सदनाला फळबागेचं उत्पन्न मिळावं म्हणून. तुम्ही पोचता तेव्हा तिथे उजाड माळ आहे, विहिरी खणणं चालू आहे. मुलींच्या अंगावर फोड आहेत, डोक्यात उवा आहेत, आणि काहीजणी जेवण झाल्यावरही भाकरीचा तुकडा लुगड्यात लपवून ठेवतात. त्यांना अजून भरवसा नाही. बाई रागावत नाहीत.

मग पाट्या येतात. थोडं शिकलेली मुलगी नव्या मुलीला अक्षर गिरवायला बसवते, कारण एवढ्यांना पुरतील इतक्या शिक्षिका आणायच्या कुठून? पुढे माग येतात, शिवणकाम येतं, अंध मुलींसाठी ब्रेल येतं, छापखाना येतो. त्या छापखान्यात घटकाभर थांबा. खिळे जुळवणाऱ्या मुलीचं बोट शाईनं काळं झालंय. ओळ उलटी वाचून ती चूक हेरते, चिमट्यानं एक खिळा काढते, दुसरा बसवते. काही वर्षांपूर्वी हिला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. बाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करणार आहेत आणि ते इथल्याच बायका छापणार आहेत.

१९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडतो, पुन्हा शेकडो मुली येतात. वस्ती दोन हजारांच्या घरात जाते. तुम्ही विचाराल, एवढ्यांना रोज जेवू घालायचं कसं? बाईंकडे त्याचं पक्कं उत्तर नसतं. विहिरीला पाणी लागलेलं असतं, शेतात पेरणी झालेली असते, परदेशाहून पत्र आलेलं असतं किंवा आलेलं नसतं. आणि दारात आलेल्या मुलीला परत पाठवायचं नाही, एवढं मात्र आधीच ठरलेलं असतं.