सांडपाण्यातला पोलिओ

आमच्या वसई-विरारच्या शाळांमध्ये पोलिओच्या रविवारी बूथ लागे, तेव्हा एक प्रश्न हमखास येई : ‘गेल्या महिन्यातच थेंब पाजले ना, मग परत कशाला?’ कुणी चिडून विचारी, कुणी भीत भीत. ‘वरून आदेश आहे’ एवढंच आम्ही सांगत असू. ते उत्तर अगदीच तोकडं होतं. खरं उत्तर विज्ञानाच्या तासाला सांगण्याजोगं आहे.

पोलिओचा विषाणू तोंडावाटे शरीरात शिरतो, आतड्यात वाढतो आणि विष्ठेवाटे बाहेर पडतो. लागण झालेल्या सुमारे २०० जणांपैकी एकाचाच हात वा पाय कायमचा लुळा पडतो. बहुतेकांना काहीच होत नाही, पण विषाणू तेही पसरवतात. म्हणून गावात पोलिओचं एकही मूल दिसत नाही, यावरून विषाणू गेला असं म्हणता येत नाही.

मुंबईला या रोगाशी झुंजण्याचा जुना अनुभव आहे. आपल्या मुलीला पोलिओ झाल्यावर फातेमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये अशा मुलांसाठी उपचार केंद्र सुरू केलं. १९४९ मध्ये परळच्या हाफकिन संस्थेच्या आवारात पोलिओ संशोधनाचा विभाग निघाला. तोच पुढे एंटेरोव्हायरस संशोधन केंद्र झाला.

लस मात्र बाहेरून आली. १९५५ मध्ये साल्क यांची टोचायची, त्यानंतर काही वर्षांत सेबिन यांची पाजायची. पाजायच्या लशीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. युरोप-अमेरिकेत तीन डोस पुरत. आपल्याकडे पुरेनात. वेल्लोरच्या डॉ. टी. जेकब जॉन यांनी १९७० च्या दशकातच हे दाखवून दिलं होतं. आपल्या मुलांच्या आतड्यात इतर विषाणूंची इतकी गर्दी असते, की लशीच्या विषाणूला दर वेळी जागा मिळेलच असं नाही. म्हणून पुन्हा पुन्हा पाजायचं, तेही सगळ्या मुलांना एकाच वेळी, म्हणजे रानटी विषाणूला वाढायला आतडंच उरत नाही. डिसेंबर १९९५ मध्ये देशभर सुरू झालेल्या पल्स पोलिओमागचा विचार हाच. थेंबांनी पुढे मूल होत नाही, ही अफवाही याच ‘परत परत’मुळे फोफावली असावी.

२००१ पासून परळचे संशोधक मुंबईच्या सांडपाण्याचे नमुने तपासू लागले. मुंबईत रुग्ण नसतानाही त्यात विषाणू सापडत. जनुकीय रचनेवरून त्यांची नाळ उत्तर प्रदेश-बिहारच्या विषाणूंशी जुळे. यात प्रवाशांचा दोष काढणं चूक. विषाणूला तिकीट लागत नाही. स्थानकांवर, गाड्यांमध्ये थेंब पाजले गेले ते याचसाठी. मुंबईच्या सांडपाण्यात रानटी विषाणू शेवटचा सापडला नोव्हेंबर २०१० मध्ये. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला.

पण थेंब थांबले नाहीत. लसीकरण अपुरं असेल तिथे लशीतला दुबळा विषाणूही फिरता फिरता बदलून पुन्हा रोगकारक होऊ शकतो. म्हणून एप्रिल २०१६ मध्ये थेंबांतून दुसऱ्या प्रकारचा विषाणू वगळला, आणि त्याच सुमारास टोचायची लसही वेळापत्रकात आली. रानटी विषाणू अफगाणिस्तान आणि पाकिस्तानात अजून आहे.