स्टिकच्या हाताची ढाल

हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात, हिरवळ आठवते. पण आज मी बोलणार आहे कॅनडा-अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीबद्दल, आणि त्यातही गोलरक्षकाच्या एकाच हातमोज्याबद्दल. त्याला ब्लॉकर म्हणतात.

या खेळात चेंडू नसतो, पक असतो. तीन इंच व्यासाची, इंचभर जाडीची टणक रबराची चकती. वजन जवळपास आपल्या क्रिकेटच्या चेंडूएवढं, आणि ती ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने अंगावर येऊ शकते. गोलरक्षकाच्या एका हातात झेलायचा मोजा असतो, दुसऱ्यात स्टिक. स्टिक धरलेल्या हाताला झेल घेता येत नाही, म्हणून त्याच्या पाठीवर आयताकृती फळी बसवतात. पक तिच्यावर घ्यायचा आणि मनगट वळवून कोपऱ्याकडे पिटाळायचा.

एकेकाळी गोलरक्षक इतरांसारखेच मोजे घालून उभे राहत. ब्लॉकरचं श्रेय सहसा बॉस्टनच्या फ्रँक ब्रिमसेकला देतात. 1938-39च्या हंगामात त्याने दहा सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही, म्हणून लोक त्याला ‘मिस्टर झिरो’ म्हणत. पुढे 1940च्या दशकाच्या उत्तरार्धात शिकागोचा एमिल फ्रान्सिस बेसबॉलचा मोजा घालून उतरला. डेट्रॉइटच्या जॅक ॲडम्सने हरकत घेतली, पण लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्पबेल यांनी तो मोजा मान्य केला. अशा रीतीने दोन हातांची कामं वेगळी झाली. मग ही सामग्री फुगत गेली आणि नियमाला आवर घालावा लागला. आज नॅशनल हॉकी लीगमध्ये ब्लॉकरची फळी 15 इंच लांब आणि 8 इंच रुंद, याहून मोठी चालत नाही.

टोरांटोत नातवासाठी ब्लॉकर घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदाराने आधी मापाची पट्टी काढलीच नाही. त्याने टेनिसचा चेंडू नातवाकडे फेकला. नातवाने तो उजव्या हाताने झेलला, तसा दुकानदार हसला. बहुतेक गोलरक्षक डावीकडे झेलतात आणि ब्लॉकर उजव्या हातात घालतात. उलट्या जोड्या दुकानांत कमीच असतात. पुढची परीक्षा स्टिक हातात देऊन. तळव्याचं चामडं फार जाड असेल तर स्टिकची पकड कळत नाही. तर्जनी स्टिकच्या पुढच्या बाजूला उघडी पडते, म्हणून तिच्यावर वेगळं कवच नीट बसलं पाहिजे. मग गुडघे वाकवून उभं राहायचं, स्टिकचं पातं बर्फावर सपाट टेकतं का बघायचं, मनगट सगळीकडे फिरवायचं. मनगटाशी मोजा घट्ट असला तर फळी वळत नाही, सैल असला तर मोजा आणि कोपराच्या कवचामध्ये फट पडते. पक नेमका तिथेच लागतो, असं दुकानदाराचं म्हणणं. नातू मात्र रंगावर अडून बसला होता, ते वेगळं.

कुठल्या हातात काय, हा प्रश्न माँट्रियलच्या बिल डर्ननने निकालातच काढला होता. तो सव्यसाची. दोन्ही हातांत असे मोजे घाली की झेलताही यावं आणि स्टिकही धरता यावी, आणि चालू खेळात स्टिक या हातातून त्या हातात घेई. 1943 ते 1950 या सात हंगामांत व्हेझिना करंडक त्याने सहा वेळा मिळवला.

डॅन ब्लॅकबर्नची गोष्ट उलटी. अठराव्या वर्षी तो न्यूयॉर्क रेंजर्सकडून खेळला. नंतर डाव्या खांद्याची नस दुखावली आणि झेलायचा हात बाहेर वळेनासा झाला. हात वळला नाही तर मोजा पकासमोर उघडत नाही. ब्लॉकरला ते वळण लागत नाही, म्हणून 2004-05मध्ये कॅनडाच्या व्हिक्टोरिया संघाकडून तो दोन्ही हातांत ब्लॉकर घालून उतरला. पक अडत होता, पण हातात राहत नव्हता. आदळून सुटलेला पक समोरच्याच्या स्टिकवर गेला की पुन्हा नवा फटका. 2005मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो निवृत्त झाला.