मुंबईच्या तिजोरीची किल्ली

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मुंबईच्या पेढ्यांवर नव्या वह्यांना गंधाक्षता लागतात, पहिल्या पानावर 'श्री' घातला जातो आणि जुनी वही, तिच्यात नफा निघालेला असो वा खोट, बासनात बांधून फडताळात जाते. व्यापाऱ्याला ही सोय आहे, शहराला नाही. शहराच्या वहीतली खोट वर्ष पालटले म्हणून फडताळात जात नाही, ती पुढच्या पानावर येऊन ठाण मांडते. आज मुंबई महानगरपालिकेचे अंदाजपत्रक देशातल्या काही राज्यांच्या अंदाजपत्रकांहून मोठे असते. पण हीच संस्था बाल्यावस्थेत असताना एकदा अशी गळ्यापर्यंत तुटीत रुतली होती की तिच्या कारभाऱ्याला घरी जावे लागले आणि सरकारला कायदा बदलावा लागला. मुंबईकराला नगरपालिकेसाठी मत देण्याचा हक्क मिळाला तो या तुटीपायी. दिवाळीच्या फराळाबरोबर जमाखर्चाच्या गोष्टी रुचतात की नाही, मला शंका आहे. तथापि ही गोष्ट निव्वळ आकड्यांची नाही.

गोविंद नारायण माडगांवकरांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली प्रसिद्ध झाले. त्या वेळी मुंबईवर पैशाचा पाऊस पडत होता. अमेरिकेत १८६१ पासून यादवी युद्ध जुंपलेले, दक्षिणेकडील बंदरे अडवलेली, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तर कापूस हवा. तो मुंबईहून जाऊ लागला. गाद्याउशा उसवून लोकांनी आतला कापूस विकला असे जुनी माणसे सांगत. पैसा आला तसा सट्टा आला. रोज नवी बँक, रोज नवी कंपनी. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅकबे कंपनीच्या शेअरवर तर शहाण्यासुरत्या माणसांनी आपले सर्वस्व लावले. प्रेमचंद रायचंद हे नाव तेव्हा देवाच्या खालोखाल घेतले जाई. पुढे १८६५ च्या एप्रिलात दक्षिणेचा सेनापती ली शरण गेला, कापसाचा भाव कोसळला, आणि १ जुलैला वायद्याचे हिशेब चुकते करण्याचा दिवस उजाडला तेव्हा चुकते करणारा कोणी उरला नाही. डॉ. भाऊ दाजींसारखा लोकोत्तर विद्वानही त्या वावटळीत धुऊन निघाला. त्याच जुलैच्या अखेरीस नाना शंकरशेट वारले. एक युग संपले म्हणतात ते असे.

आणि नेमक्या याच वर्षी मुंबईला नवा म्युनिसिपल कायदा मिळाला. त्यापूर्वी तीन कमिशनर मिळून कारभार पाहात, म्हणजे तिघांपैकी कोणीच पाहात नसे. १८६५ च्या कायद्याने 'जस्टिस ऑफ द पीस' या सरकारने नेमलेल्या प्रतिष्ठित मंडळींची संस्था नगराची मालक ठरली, आणि सगळा प्रत्यक्ष कारभार एका कमिशनराच्या हाती गेला. जस्टिसांनी अंदाजपत्रक मंजूर करावे आणि कमिशनराने ते अमलात आणावे, असा बेत. जस्टिस मंडळीत शेटये होते, गोरे व्यापारी होते, सरकारी अंमलदार होते. कर भरणाऱ्या सामान्य माणसाचा प्रतिनिधी म्हणून निवडून आलेला एकही नव्हता. पहिले कमिशनर झाले आर्थर क्रॉफर्ड.

या क्रॉफर्डसाहेबांविषयी मला नेहमी कुतूहल वाटत आले आहे. तडफदार, बुद्धिमान, खर्चिक आणि कोणाची पर्वा न करणारा असा हा गृहस्थ. त्याच्या ताब्यात आलेली मुंबई कशी होती? गटारे उघडी, रस्ते अरुंद, कत्तलखाने वस्तीत, आणि पटकीची साथ पाहुण्यासारखी दरवर्षी यायची. विहारचे पाणी १८६० पासून शहरात आले होते, पण ते पाणी वाहून नेईल असे गटार नव्हते. क्रॉफर्डने डॉ. ह्यूलेट यांना आरोग्याधिकारी म्हणून बरोबर घेऊन शहराला नांगर लावावा तसा हात घातला. रस्ते रुंद झाले, कत्तलखाना वांद्र्याला गेला, घाणेरडे धंदे वस्तीबाहेर हलले, झाडलोट रोज होऊ लागली. बाजारांचे गलिच्छ बोळ मोडून त्याने कोटाच्या उत्तरेस ती मोठी मंडई उठवली. विल्यम इमर्सनने तिचा आराखडा केला आणि दगडावरची चित्रे लॉकवुड किपलिंग यांनी काढली. हे किपलिंग म्हणजे कवी रडयार्ड किपलिंगचे वडील. जमिनीवरच्या फरशा स्कॉटलंडातील केथनेसहून आणल्या! १८६९ साली मंडई उभी राहिली. आजही मी तिथे आंब्याच्या दिवसांत जातो तेव्हा उकाड्यात त्या उंच छपराखाली गारवा असतो, आणि पायाखालची फरशी पाहून मनात येते की हिचे पैसे कोणी भरले.

पैसे भरले घरवाल्यांनी. नगरपालिकेच्या उत्पन्नाचा मोठा आधार घरपट्टी. त्याशिवाय दिवाबत्तीची पट्टी, पोलिसपट्टी, हलालखोरपट्टी, गाड्याघोड्यांवरचा कर आणि शहरात येणाऱ्या मालावरची जकात. घरपट्टी बसते भाड्यावर. सट्ट्याच्या दिवसांत खोलीचे भाडे आभाळाला भिडले होते, तेव्हा पट्टीही फुगलेली. शेअरबाजार बुडाल्यावर भाडी बसली, बिऱ्हाडे उठली. १८६४ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ होती, ती १८७२ च्या खानेसुमारीत ६,४४,४०५ भरली. म्हणजे पाऊणे दोन लाखांच्या आसपास माणसे कमी! कापसाच्या ओढीने आलेली माणसे कापसाबरोबर परत गेली. इकडे विहारच्या तलावाचे सरकारी कर्ज आणि त्यावरचे व्याज नगरपालिकेच्या डोक्यावर, पोलिसांचा खर्चही तिच्याच माथी, आणि कमिशनरसाहेबांची बांधकामे जोरात. उत्पन्न ओहोटीला लागले असताना खर्चाला भरती आली. आपल्याकडे ज्याला ऋण काढून सण म्हणतात तो प्रकार. फक्त सण गटारांचा होता.

इथे थोडे थांबून क्रॉफर्डची बाजूही पाहिली पाहिजे. घरात माणूस तापाने फणफणला असता वैद्याचे बिल पाहून वैद्याला परत पाठवणारा माणूस काटकसरी ठरत नाही. त्याने केलेल्या कामांतली बहुतेक आज ना उद्या करावीच लागली असती. आणि जी मंडई दीडशे वर्षांहून अधिक काळ उभी आहे तिचा भार पाचसहा वर्षांच्या करदात्यांवर पडावा, यात दोष पैसा उभारण्याच्या पद्धतीचाही होता. पण मंजुरीपेक्षा जास्त खर्च करून नंतर मंजुरी मागायची ही त्याची रीत मात्र कोणत्याही तिजोरीला पेलणारी नव्हती. मालकाला न विचारता मुनिमाने पेढी चालवली तर ती चांगली चालवली हे उत्तर पुरत नाही.

मालक काय करीत होते? हाच खरा प्रश्न, आणि तो त्या वेळी फार थोड्यांनी विचारला. जस्टिस मंडळी शेकड्याच्या घरात. परंतु सभेला यायची मूठभर. अंदाजपत्रक त्यांच्यापुढे येई, ते मान डोलावत आणि घरी जात. पट्टीची बिले वाढून दारात आली, जप्तीच्या नोटिसा निघाल्या, तेव्हा गाव जागा झाला. करदात्यांच्या सभा सुरू झाल्या. नवरोजी फर्दुनजी हे त्यांचे पुढारी झाले. १८७१ साली टाउन हॉलमध्ये, म्हणजे आज जिथे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे त्या इमारतीत, जेम्स फोर्ब्स या जस्टिसाने कमिशनरी कारभारावर कडाडून हल्ला चढवला. एका माणसाच्या हातातली सत्ता काढून ती मंडळाकडे द्यावी, असा त्याचा रोख. गर्दी एवढी की पायऱ्यांवर माणसे. सभागृहाचा कौल क्रॉफर्डच्या विरुद्ध गेला, आणि त्याचा अंमल संपला.

सगळे शहर एका बाजूला असताना पंचविशी नुकतीच ओलांडलेला एक पारशी बॅरिस्टर दुसऱ्या बाजूला उभा राहिला. फिरोजशहा मेहता १८६८ मध्ये विलायतेहून आले होते. त्यांनी १८७१ च्या नोव्हेंबरात फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये निबंध वाचला आणि श्रोत्यांचा रोष ओढवून घेतला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: क्रॉफर्डने शहर सुधारले हे नाकारू नका, तूट आली ती पहारेकरी झोपले म्हणून आली. कारभारी एकच असू द्या, पण त्याच्यावर नजर ठेवणारे लोक करदात्यांनी निवडलेले असू द्या. सरकारने नेमलेला जस्टिस सरकारकडे पाहतो. करदात्याने निवडलेला करदात्याच्या बिलाकडे पाहील. लोक हुर्यो करीत होते आणि हा तरुण त्यांच्याच हक्काची मागणी करीत होता! आपल्या सार्वजनिक जीवनात असे प्रसंग थोडे, आणि म्हणून मला तो त्या काळच्या मोठमोठ्या व्याख्यानांहून अधिक मोलाचा वाटतो.

१८७२ चा कायदा झाला तो पुष्कळ अंशी याच दिशेने. चौसष्ट सभासदांची कॉर्पोरेशन. त्यांतले ३२ करदात्यांनी निवडायचे, १६ जस्टिसांनी, १६ सरकारने नेमायचे. खर्चावर लक्ष ठेवण्यास बारा जणांची टाउन कौन्सिल. मताचा हक्क वर्षाला पन्नास रुपये कर भरणाऱ्यालाच, तेव्हा गिरणगावातल्या माणसाला किंवा चाळीतल्या बिऱ्हाडकरूला त्यात शिरकाव नव्हता. सव्वासहा लाखांहून मोठ्या वस्तीत मतदार चिमूटभर. तरी १८७३ ची ती पहिली निवडणूक झाली, आणि 'माझ्या पैशाचे काय केले?' हा प्रश्न विचारण्याची कायदेशीर जागा निर्माण झाली. पुढे १८८८ चा कायदा आला, त्यावर मेहतांचा हात फिरला होता. त्याच कायद्याच्या चौकटीवर मुंबईची महापालिका अजून चालते. वर्षअखेर तिजोरीत ठरावीक शिल्लक दिसलीच पाहिजे अशी अट त्यात आहे. कमिशनरही राहिला, आणि निवडलेली सभाही राहिली.

नव्या सभासदांनी मूठ आवळली ती मात्र फार दिवस आवळून ठेवता आली नाही. विहारचे पाणी पुरेना. १८७९ मध्ये तुळशीचे पाणी आणावे लागले, १८९२ मध्ये तानसाचे. पुन्हा कर्जे, पुन्हा पट्ट्या, पुन्हा आरडाओरड. फरक एवढाच की आता कर्ज कशाला काढायचे यावर आधी भांडण होई.

क्रॉफर्डचे पुढे काय झाले ते पुणेकरांना सांगायला नको. ते मध्य विभागाचे कमिशनर होऊन पुण्यास आले आणि १८८८ साली 'क्रॉफर्ड प्रकरण' उद्भवले. बढत्याबदल्यांसाठी मामलेदारांकडून पैसे घेतल्याचा आरोप. साहेब वेषांतर करून निसटू पाहात असता मुंबईत पकडले गेले. चौकशी मंडळाने लाचेचा आरोप सिद्ध धरला नाही. पण आपल्या अंमलाखालच्या लोकांकडून कर्जे काढल्याबद्दल त्यांना नोकरीतून जावे लागले. अभयवचन घेऊन खरे बोललेले मामलेदार मात्र संकटात सापडले आणि त्यांच्यासाठी टिळक झगडले. शहराला कर्जात टाकणारा हा माणूस स्वतःही जन्मभर कर्जातच होता!

त्याच्या नावाच्या मंडईला आता महात्मा जोतिबा फुले यांचे नाव आहे. जोतिराव १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेने हजार रुपये खर्च करावेत अशी सूचना आली, तेव्हा लोकांचा पैसा त्यांच्या शिक्षणाला लागावा म्हणून त्यांनी तिला विरोध केला. पुण्यातल्या भव्य मंडईच्या खर्चालाही त्यांचा विरोध होता. त्या मंडईलाही आज त्यांचेच नाव आहे.