नाववहीची कुळकथा

1824 साली ब्रिटिश सरकारनं आयर्लंडची मोजणी काढली ती सारा बसवण्यासाठी. तिथला कर 'टाउनलँड'वर आकारला जाई. टाउनलँड म्हणजे आपल्या वाडी-शिवारासारखा जमिनीचा तुकडा. अनेक टाउनलँड मिळून एक पॅरिश, आणि साऱ्या देशात टाउनलँड साठ हजारांवर. एकाच तुकड्याचं नाव जमीनदाराच्या कागदात एक, पाद्र्याच्या वहीत दुसरं आणि कुळाच्या तोंडी तिसरं असेल, तर नोटीस बजावायची कुठल्या नावानं? या कटकटीतून नाववही जन्माला आली.

वहीची मांडणी रुक्षच. वर नाव, खाली त्याची सापडलेली वेगवेगळी स्पेलिंगं, प्रत्येकापुढे ते कुठून घेतलं त्याची नोंद. मग जागा कुठं आहे नि कशी आहे याचं चार ओळींचं वर्णन. लष्करी मोजणीदार ती भरत. पण अर्थाचं काय? ते जाणायला आयरिश गेलिक यायला हवी आणि गोऱ्या साहेबाची तिथंच पंचाईत होती.

1830 मध्ये या कामावर जॉन ओडोनोव्हन हा किलकेनीकडचा शेतकऱ्याचा मुलगा रुजू झाला. त्याआधीच त्यानं मोजणीतल्या टॉमस लार्कम या अधिकाऱ्याला आयरिशचे धडे दिले होते. 1834 पासून तो पॅरिशमागून पॅरिश पायी हिंडला. मुक्कामाहून तो डब्लिनच्या कचेरीला पत्रं पाठवी, त्यांत भाषाशास्त्राच्या जोडीला पावसात भिजल्याच्या तक्रारीही असत. त्याची रीत साधी होती: जुने दस्तऐवज चाळायचे, मग गावातला आयरिश बोलणारा म्हातारा गाठायचा आणि त्याच्याकडून नाव म्हणवून घ्यायचं.

म्हाताऱ्याशिवाय का अडे, ते 'किल'वरून कळतं. नकाशावर 'किल'नं सुरू होणारी गावं ढिगानं आहेत. त्यातलं बहुतेक 'किल' मूळचं 'किल्ल', म्हणजे चर्च. काही ठिकाणी मात्र ते 'कोइल्ल' असतं, म्हणजे रान. आयरिश माणसाच्या तोंडी दोन्ही शब्द वेगळे ऐकू येतात, इंग्रजी अक्षरांत मात्र दोन्ही एकच. इंग्रजी कागद कितीही जुना असला तरी 'किलमोर' हे मोठं चर्च की मोठं रान, याचा निवाडा कानच करणार. 'बॅली' म्हणजे 'बाले', वस्ती. 'डेरी' म्हणजे 'दोर्य', ओकची राई. खडकीचं 'किर्की' झालेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे समजवायला नको. या मोजणीशी आपला आणखीही एक धागा आहे: 1829 मध्ये जॉर्ज एव्हरेस्ट ती पाहायला आयर्लंडला गेला होता आणि तिथं वापरलेल्या, मोजणीप्रमुख कोल्बीच्या मापनपट्ट्यांची पद्धत त्यानं हिंदुस्थानच्या मोजणीत आणली.

ब्रायन फ्रीलच्या 1980 च्या 'ट्रान्सलेशन्स' नाटकात लष्करी अधिकारी गावाची नावं पुसून नवी लिहितात. नाटक म्हणून ते जबर आहे, पण ओडोनोव्हनच्या वाट्याला त्यात अन्याय आलाय असं मला वाटतं. नावं वेडीवाकडी करण्याचं काम जमीनदारांच्या कारकुनांनी आधीच उरकलं होतं. मोजणीनं त्यातलं एक रूप पक्कं केलं आणि छापलं, हा दोष तिच्या पदरात घालावाच लागेल. मात्र त्याच वहीत आयरिश रूप आणि अर्थही उतरले, कित्येक पानांवर नुसत्या पेन्सिलीनं. 1841 मध्ये ओडोनोव्हनची भटकंती संपली. चार वर्षांत बटाट्यावर रोग पडला, दुष्काळानं सुमारे दहा लाख माणसं नेली आणि त्याहून जास्त देशोधडीला लावली. मरणाऱ्यांत आणि जाणाऱ्यांत आयरिश बोलणारेच फार.

आज आयर्लंडमधल्या रस्त्यांवरच्या पाट्यांवर वर तिरप्या अक्षरांत आयरिश नाव असतं, खाली इंग्रजी. ते वरचं नाव ठरवताना स्थळनावांची सरकारी शाखा या वह्या अजून उघडते. शेतांची नावं मात्र त्यांत नाहीत. मोजणी टाउनलँडशीच थांबली होती. शेतांची नावं म्हाताऱ्यांच्या जिभेवरच राहिली. अलीकडे मीथ काउंटीत लोकांनी शेतकऱ्यांना विचारून आपल्या शेतांची नावं गोळा केली आणि त्यांचं पुस्तक काढलं.