लोखंडी नांगरामागून आलेला व्हाईस



परवा भावकीतल्या एका पोरानं विचारलं, "काका, वस्तीवरच्या शेडमध्ये व्हाईस बसवायचाय. तीन इंची घेऊ का सहा इंची?" एका शब्दात सांगता आलं असतं. पण हे अवजार आपल्या शेतापर्यंत कशामुळं आलं ते कळलं, की माप आपोआप कळतं. म्हणून जरा मागं जाऊ.

लाकडी नांगर होता तोवर शेतकऱ्याला व्हाईसची गरजच नव्हती. नांगर बाभळीचा. सुतार जमिनीवर बसून, पायाच्या पंजात लाकूड दाबून तासायचा. लोहार फाळ तापवायचा, सांडशीत धरायचा आणि ऐरणीवर ठोकायचा. दोघं बलुतेदार, सुगीला खळ्यावर येऊन धान्य न्यायचे. नांगराची जोडणी म्हणजे पाचर, खुंटी आणि दोर. नट-बोल्टचा पत्ता नाही.

मग लोखंडी नांगर आला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, पुढं कडबा कापायचं यंत्र आणि नांगर काढला. लोखंडानं जमीन विषारी होईल या भीतीनं आधी कुणी नांगराला हात लावेना. पुढं बेळगावची जागा सोडावी लागली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातला कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला. साल १९१०. नुसतं निवडुंग आणि साप. तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली, ती आज सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात आहे. इकडं सातारा रोडला १९२२ साली धनजीशा कूपर यांचा कारखाना निघाला, तिथंही नांगर व्हायचे. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते.

खोल नांगरट झाली, हरळी-कुंद्याची मुळी वर आली, आणि शेतकऱ्याची भीती गेली. पण त्याबरोबर एक नवं काम मागं लागलं. हा नांगर बोल्टावर जोडलेला. फाळ झिजला की बोल्ट काढायचा. तो गंजलेला असणार, आटे गेलेले असणार. आटे पाडायचे तर डाय फिरवायची, पुढं कानस मारायची, एक्सानं कापायचं. ही सगळी कामं थंड लोखंडावरची. तापलेलं लोखंड सांडशीत बसतं, दोन घावात वाकतं. थंड लोखंड घट्ट धरून ठेवायला तिसरा हात लागतो. तो तिसरा हात म्हणजे व्हाईस. माझ्या मते लोहाराच्या भात्यावरचं काम फिटरच्या टेबलावर गेलं ते इथं.

पुढं पाण्याचे पंप आले. किर्लोस्करवाडीत ते १९२६ पासून होऊ लागले. मग ऑइल इंजिन, मोटर, उपसा योजनांचे पाइप आणि शेवटी ट्रॅक्टर. धरायची वस्तू जाड होत गेली, तसा व्हाईसही मोठा लागू लागला.

आता पोराचं उत्तर. व्हाईसचं माप म्हणजे जबड्याची रुंदी. तीन इंची म्हणजे ७५ मिलिमीटर, चार म्हणजे १००, पाच म्हणजे १२५, सहा म्हणजे १५०. जबडा उघडतो साधारण तेवढाच किंवा थोडा जास्त. म्हणून दुकानात जायच्या आधी आपल्याकडची धरायची सगळ्यात जाड वस्तू मोजा. तीन इंची जीआय पाइप बाहेरून साडेतीन इंच भरतो, हे ध्यानात ठेवा. फवारणी पंप, नोझल, कुलूप एवढंच काम असेल तर तीन-चार इंची पुरतो. मोटर, पाइप, नांगराचे बोल्ट असतील तर पाच इंची. घरी ट्रॅक्टर असेल तर सहा इंची घ्या, पण मग टेबलही तेवढंच दणकट पाहिजे.

हे मी चुकून शिकलो. स्वस्त म्हणून तीन इंची बिडाचा आणला. ऐन नांगरटीत कल्टिव्हेटरचा वाकलेला फण त्यात धरला, दांडीत पाइप घालून आवळला आणि घण घातला. जबडा तुटला, तुकडा नडगीवर बसला, दोन दिवस ट्रॅक्टर उभा राहिला. वाफसा कुणासाठी थांबत नाही. चूक व्हाईसची नव्हती, माझी होती. बीड दाबाला खंबीर, पण झटक्याला नाजूक. बिडाचा फाळ दगडावर मोडतो, तसाच हा. ठोकाठोकीला ऐरण, धरायला व्हाईस. आणि दांडीला पाइप कधीच लावू नका. हातानं आवळून वस्तू सरकत असेल तर व्हाईस लहान पडलाय असं समजा.

बसवताना मागचा, हलत नाही तो जबडा टेबलाच्या कडेच्या किंचित बाहेर ठेवा, म्हणजे लांब पट्टी उभी धरता येते. उंची उभं राहिल्यावर कोपराएवढी. बोल्ट आरपार, खाली मोठे वॉशर.

पोराला पाच इंची सांगितलाय. त्याच्याकडं ट्रॅक्टर नाही, विहिरीवर मोटर आहे, आणि आजोबाचा लोखंडी नांगर अजून माळ्यावर आहे. त्याचे बोल्ट आधी सोडव म्हटलं, तिथूनच सुरुवात झाली होती.